छपराखाली गवत का मरतं आणि उन्हात टर्फ का तापतं

हरळी माहीत नाही असा शेतकरी मराठवाड्यात सापडणार नाही. वखरा, नांगरा, बाया लावून काशा (जमिनीतली तिची खोडं) वेचून धुऱ्यावर फेका, मे महिनाभर त्या काशा उन्हात वाळून काडी होतात आणि मृगाचा एक बरा पाऊस पडला की परत हिरव्या. हीच हरळी, शास्त्रात सायनोडॉन डॅक्टिलॉन आणि अमेरिकेत बर्म्युडा म्हणतात ती, तिचा एक खास संकरित वाण १९६५ साली अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात एका नव्याकोऱ्या स्टेडियममध्ये लावला होता, आणि तो पहिल्याच सीझनमध्ये मेला. दुष्काळ नव्हता, तणनाशक नव्हतं, पाणी तर हवं तेवढं. फक्त डोक्यावर छप्पर होतं.

हे लिहायचं कारण असं की सध्या आपल्याकडे संभाजीनगर, नांदेड, लातूर, परभणी कुठंही जा, टर्फ, म्हणजे प्लास्टिकच्या गवताचं मैदान, झालंय नाहीतर व्हायलंय. पोरं रात्री बारापर्यंत बॉक्स क्रिकेट खेळायलेत, चांगलंच आहे. पण त्याच्याबरोबर दोन गोष्टी सारख्या कानावर येतात, एक म्हणजे "मोठं स्टेडियम करायचंच तर वरून झाकूनच टाका, ऊन नको पाऊस नको", आणि दुसरी म्हणजे "गवत कशाला, प्लास्टिक अंथरा, पाणी वाचतंय". दोन्ही बोलणी वरवर पटण्यासारखी आहेत, आणि दोन्हींच्या पोटात जे विज्ञान आहे ते कुणी नीट सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर.

आधी ह्यूस्टनचं पूर्ण ऐका. त्या स्टेडियमचं नाव अ‍ॅस्ट्रोडोम, बेसबॉलसाठी बांधलेलं, जगातलं पहिलं एवढं मोठं बंदिस्त स्टेडियम. छताला चार हजारांवर पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचे तुकडे बसवले होते, हेतू हाच की गवताला ऊन मिळावं. गवतही टिफवे ४१९ नावाचं, मैदानांसाठीच तयार केलेलं. पण झालं काय, दिवसा खेळताना त्या पारदर्शक छतातून असा लखलखाट यायचा की उंच उडालेला बॉल खेळाडूंना दिसेचना, कॅच सुटायला लागले. मग उपाय म्हणून छतावर पांढरा रंग मारला. बॉल दिसायला लागला आणि गवत उपाशी मरायला लागलं. सीझनचा उरलेला भाग मेलेल्या गवतावर आणि मातीवर हिरवा रंग मारून ढकलला. पुढच्या वर्षी, १९६६ ला, मोन्सँटो कंपनीनं बनवलेलं नायलॉनचं गवत तिथं अंथरलं, त्याचं आधीचं नाव केमग्रास होतं, ते ह्या स्टेडियममुळं अ‍ॅस्ट्रोटर्फ झालं. आपण आज हॉकीच्या मैदानाला सर्रास अ‍ॅस्ट्रोटर्फ म्हणतो त्याचं मूळ हे.

ह्यातलं एक वाक्य पक्कं लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे: प्लास्टिकचं गवत मोठ्या मैदानावर पहिल्यांदा गाजलं ते उन्हासाठी नाही, ऊन नव्हतं म्हणून.

आता गवताला एवढं ऊन लागतं कशाला. आपण म्हणतो खत-पाणी दिलं की पीक येतं, पण झाडाचं खरं अन्न उजेडातून तयार होतं, पाणी आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पान त्याची साखर करतं आणि ह्या सगळ्याला लागणारी ताकद सूर्याची. ह्यात आपले डोळे आपल्याला फार फसवतात. मे महिन्यातल्या दुपारी बाहेर साधारण एक लाख लक्स उजेड असतो. घरात ट्यूबलाइट लावली की आपण म्हणतो लख्ख उजेड पडला, तो असतो तीनशे ते पाचशे लक्स. टीव्हीवर मॅच दाखवायला जे झगमगीत फ्लडलाइट लावतात ते दोन-अडीच हजार लक्सच्या आसपास. म्हणजे माणसाला जिथं डोळे दिपतात तिथं गवताला संध्याकाळ झालेली असते. (गवताचा उजेड मोजायचं खरं माप लक्स नाही, वेगळं आहे, पण अंदाज यायला हे पुरतं.)

आणि मैदानावरचं गवत नुसतं जगून भागत नाही. त्याला दर दोन-तीन दिवसांनी कापतात, म्हणजे अन्न बनवणारं पानच कापतात, वरून बावीस माणसं खिळ्यांचे बूट घालून त्याच्यावर दीड तास धावतात, घसरतात, ढेकळं उपटतात. ही जखम भरून काढायला गवताला रोजच्यापेक्षा जास्त उजेड लागतो. उजेड कमी पडला की गवत मरायच्या आधी एक वेगळी गोष्ट होते, ते उंच आणि बारीक वाढतं, मुळं खोल जायचं बंद होतं, वरून बघावं तर हिरवंगार आणि पाय फिरवला की गालिच्यासारखं निघून हातात. आपल्या शेतात बघा ना, धुऱ्यावर उन्हात हरळी कशी जमिनीला चिकटून दाट असते आणि दाट आंब्याखाली गर्द सावलीत एकतर नसतेच, असली तरी लांब पिवळट काडी. तेच स्टेडियममध्ये होतं.

अजून एक बारकावा आहे, तो शेतकऱ्याला लगेच कळेल. ऊस, ज्वारी, मका आणि हरळी ही एका प्रकारची झाडं, उन्हाची लई भुकेली, कडक ऊन आणि कमी पाणी असलं तरी जोरात काम करणारी, ह्यांना शास्त्रात सी-४ म्हणतात. गहू दुसऱ्या प्रकारचा, सी-३, त्याला थंडी मानवते आणि थोड्या कमी उजेडातही भागतं पण उन्हाळा सोसत नाही. गवतातही अशाच दोन जाती. थंड देशातलं केंटकी ब्लूग्रास आणि रायग्रास हे गव्हाच्या बाजूचे. म्हणून गंमत बघा, टेक्साससारख्या तापलेल्या मुलुखात उघड्या मैदानावर बर्म्युडा लावतात आणि छपराखाली एसी लावून थंड प्रदेशातलं गवत लावायचा विचार करतात, कारण कमी उजेडात ते जरा जास्त तग धरतं. कतारनं २०२२ च्या वर्ल्ड कपला पास्पलम नावाचं समुद्रकाठचं गवत वापरलं, ते खारं पाणी सोसतं. तरी तिथल्या एका मैदानाला हिवाळ्यात रोज १० हजार लिटर आणि उन्हाळ्यात ५० हजार लिटर समुद्राचं गोड केलेलं पाणी लागायचं असं तेव्हा छापून आलं होतं. हा आकडा मनात ठेवा, परत लागणार आहे.

मग छप्पर पण पाहिजे आणि खरं गवत पण पाहिजे, असं ज्यांनी ठरवलं त्यांनी काय काय केलं, हे वाचताना मला खरंच माणसाच्या डोक्याचं कौतुक वाटतं.

सगळ्यात सरळ विचार असा की ऊन आत येत नसेल तर गवत बाहेर न्या. नेदरलँड्समधल्या आर्नहेम शहरात १९९८ ला खेलरडोम उघडलं, तिथं अख्खं मैदान एका मोठ्या ट्रेमध्ये, मॅच नसली की ते स्टेडियमच्या बाहेर सरकवून उन्हात ठेवायचं. जर्मनीत गेल्सनकिर्शनला २००१ ला तसंच झालं, तिथल्या मैदानाचं वजन ११ हजार टन. जपानमध्ये सप्पोरो डोम त्याच वर्षीचं, तिथं बर्फ एवढा पडतो की छप्पर लागतंच, त्यांनी ८,३०० टनांचं मैदान खालून हवेच्या दाबानं किंचित उचललं, त्यानं चाकांवर येणारा भार दहाव्या भागावर आला, आणि मग चाकांवरून आत-बाहेर. फुटबॉल असला की गवत आत, बेसबॉल असला की गवत बाहेर आणि आत प्लास्टिक. अमेरिकेत अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात ग्लेंडेल इथं २००६ ला हेच केलं, तिथं तर उन्हाळा आपल्यापेक्षा कडक. माद्रिदच्या बर्नाबेऊनं आता उलटं केलंय, बाहेर जागाच नाही म्हणून मैदान लांब पट्ट्यांत कापून जमिनीखाली खोल तळघरात उतरवतात, तिथं दिवे, पंखे, पाणी सगळं, एक प्रकारचं पाताळातलं पॉलिहाऊसच.

दुसरा विचार, छप्परच असं करा की ऊन गाळून न घेता सोडेल. ईटीएफई नावाचा एक पातळ प्लास्टिक पडदा असतो, काचेपेक्षा कितीतरी हलका आणि झाडाला लागणारा उजेड बराचसा आत येऊ देतो. न्यूझीलंडच्या ड्युनेडिन शहरात २०११ ला फोर्सिथ बार स्टेडियम ह्या छताचं बांधलं, छप्पर कायमचं बंद, उघडत नाही, आणि आत खरं गवत. जगात कायम झाकलेल्या मोठ्या स्टेडियममध्ये गवत जगवून दाखवणारे हेच पहिले. अ‍ॅस्ट्रोडोमला जे जमलं नाही ते ४६ वर्षांनी जमलं, आणि जमलं ते मुख्यतः छताच्या मटेरियलमुळं. पण ड्युनेडिन थंड गाव आहे हे विसरू नका, असलं पारदर्शक झाकण परभणीच्या मे महिन्यात घातलं तर आत काय होईल हे ज्याच्याकडे पॉलिहाऊस आहे त्याला विचारा.

तिसरा उपाय म्हणजे दिवे. युरोपात मोठ्या क्लबांच्या मैदानावर मॅच नसताना चाकांवरचे लांबलचक सांगाडे फिरत असतात, त्याला शेकडो दिवे टांगलेले. हे तंत्र डच लोकांच्या फुलांच्या ग्रीनहाऊसमधून आलंय. उघड्या स्टेडियमलाही ते लागतं कारण गॅलऱ्या एवढ्या उंच झाल्यात की हिवाळ्यात अर्ध्या मैदानावर सावलीच असते. लाइट बिल किती येत असेल तुम्हीच विचार करा. आपल्याकडे उसाला पाणी द्यायला रात्रीची लाइट मिळते, तिथं गवताला रात्री लाइट देतात.

आणि चौथा प्रकार, गवत दुसरीकडं वाढवून आणायचं. १९९४ च्या फुटबॉल वर्ल्ड कपला डेट्रॉइटजवळच्या पॉन्टियाक सिल्व्हरडोममध्ये मॅचेस होत्या, कापडी छताचं बंद स्टेडियम. मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीच्या लोकांनी कॅलिफोर्नियातून गवत आणलं, षटकोनी लोखंडी चौकटींत बसवलं, आधी स्टेडियमच्या पार्किंगमध्ये उन्हात जगवलं आणि मग एकेक चौकट आत नेऊन मधमाशीच्या पोळ्यासारखी जुळवली. वर्ल्ड कपची पहिली छपराखालची मॅच अशी झाली. २०२६ च्या वर्ल्ड कपला तर हा प्रश्न अजून मोठा होऊन आला, १६ स्टेडियमपैकी आठ ठिकाणी एरवी प्लास्टिक असतं आणि पाच ठिकाणी छप्पर, आणि फिफाचा आग्रह की पुरुषांचा वर्ल्ड कप खऱ्या गवतावरच. त्यासाठी टेनेसी आणि मिशिगन स्टेट ह्या दोन युनिव्हर्सिटीत बरीच वर्षं प्रयोग चालले. त्यातली मला आवडलेली युक्ती अशी, गवत मातीवर वाढवून कापलं तर मुळं तुटतात आणि परत धरायला आठवडे लागतात, म्हणून त्यांनी प्लास्टिकच्या कागदावर वाळू टाकून गवत वाढवलं, मुळं खाली जाऊ शकत नाहीत मग आडवी एकमेकांत गुंतून घट्ट चटई होते, उचलून नेली तरी एकही मूळ तुटत नाही. वरून त्यात थोडे प्लास्टिकचे धागे विणायचे म्हणजे पकड येते. ह्याला हायब्रिड म्हणतात, नावात हायब्रिड असलं तरी ९५ टक्क्यांच्या आसपास खरं गवतच असतं.

इथं कुणी म्हणेल एवढा आटापिटा कशाला, प्लास्टिक आहे की. हा प्रश्न खेळाडूंना विचारायला पाहिजे, स्टेडियमच्या मालकाला नाही. २०१५ ला कॅनडात महिलांचा फुटबॉल वर्ल्ड कप पूर्ण प्लास्टिकवर खेळवला, पुरुषांचा एकही वर्ल्ड कप तसा झालेला नाही. मोठमोठ्या खेळाडूंनी कायद्याचा दरवाजा ठोठावला, काही उपयोग झाला नाही, आणि पहिल्याच दिवशी एडमंटनच्या मैदानाचा पृष्ठभाग ४९ डिग्रीच्या आसपास तापलेला मोजला गेला. कॅनडात! मला हे वाचून अजूनही राग येतो.

दुखापतीचं कारण समजायला सोपं आहे. खऱ्या गवतावर पाय अडकून फिरला तर शेवटी गवत फाटतं, ढेकूळ निघतं, आणि गुडघा वाचतो. प्लास्टिक फाटत नाही, मग ताण जातो घोट्यावर आणि गुडघ्याच्या लिगामेंटवर. अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएलमधल्या खेळाडूंच्या संघटनेनं २०१२ ते २०१८ ची आकडेवारी काढून दाखवली की कुणाचा धक्का न लागता होणाऱ्या पायाच्या दुखापती प्लास्टिकवर २८ टक्के जास्त. लीगवाले त्याच्यावर वाद घालतात, चांगल्या प्रतीचं टर्फ आणि खराब राखलेलं गवत ह्यात टर्फ बरं असू शकतं हेही खरं. पण नेदरलँड्सनं आपल्या वरच्या फुटबॉल लीगमधून प्लास्टिक २०२५-२६ पासून बंदच केलं, ते काही उगं नाही.

एक गोष्ट मात्र टर्फच्या बाजूची आहे आणि ती प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. गवताला आराम लागतो. आठवड्यातले काही तास खेळलं की त्याला भरून यायला वेळ द्यावा लागतो, टर्फवर सकाळी सहा ते रात्री बारा रोज खेळा. शहरात जागा थोडी आणि पोरं जास्त, तिथं हा हिशोब खोटा नाही. म्हणून छोटी, सतत वापराची, छपराखालची जागा असेल तर टर्फला माझा विरोध नाही, उलट तिथं ऊन नसल्यामुळं त्याचा सगळ्यात वाईट दोष, तापणं, तोही झाकला जातो.

आणि इथंच आपलं चुकायलंय. जी वस्तू छपराखालच्या अंधारासाठी पुढं आली ती आपण मराठवाड्याच्या उघड्या उन्हात आणून अंथरायलो. गवत तापत नाही कारण ते पानातून पाणी हवेत सोडतं, घाम आल्यासारखं. प्लास्टिकला घाम नाही. त्यात भरलेली काळी रबराची भुकटी जुन्या टायरांची, ती उन्हात काय होते हे दुपारी हात लावून बघा, कडक उन्हात ६०-७० डिग्री सहज जातं. दहा-बारा वर्षांच्या पोरानं त्याच्यावर घसरून रन काढला तर कातडी सोलूनही निघते आणि भाजूनही. शिवाय ही भुकटी बुटातून, वाऱ्यातून, पावसातून नाल्यात जाते, युरोपियन युनियननं २०२३ मध्ये नियम करून अशा भुकटीची विक्री आठ वर्षांत बंद करायचं ठरवलंय. तिकडं बंद झालेला माल इकडं स्वस्तात येणार नाही ह्याकडं लक्ष ठेवावं लागेल.

आता पाण्याचं. हा विषय आपल्याकडे हलका नाही. एप्रिल २०१६ ला मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, आणि त्याच महिन्यात मुंबई हायकोर्टानं ३० एप्रिलनंतरच्या आयपीएल मॅचेस महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितल्या. त्यामुळं "गवत म्हणजे पाण्याची उधळपट्टी" हे डोक्यात बसलंय. पण हिशोब करून बघू. फुटबॉलचं मैदान १०५ बाय ६८ मीटर, म्हणजे ७,१४० चौरस मीटर. एक मिलिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. भर उन्हाळ्यात हरळी हिरवीगार ठेवायची तर रोज पाच मिलिमीटर धरा, झाले ३५-३६ हजार लिटर, मोठे साडेतीन टँकर. कतारच्या आकड्याच्या जवळपासच येतं. हे जास्त आहे, अगदी कबूल, आणि माणसांना आठ दिवसाला नळ येतो तिथं हे पाणी पिण्याच्या पाण्यातून देणं पाप आहे.

पण कतारला पर्याय नव्हता, आपल्याला आहे. हरळीला उन्हाळ्यात हिरवं ठेवायचं कुणी सांगितलंय? तिला पाणी तोडा, वरून वाळेल, खाली काशा जिवंत राहतील, मृगात परत उठेल. ज्या गुणामुळं ती आपल्या पिकात डोकेदुखी आहे तोच गुण मैदानावर कामाचा. पावसाळ्यात आणि हिवाळ्यापर्यंत खेळा, मार्च ते मे मैदानाला सुट्टी द्या, तसंही त्या दिवसांत दुपारी कोण खेळतंय. वर्षभर थोडंफार पाणी लागेल ते नगरपालिकेच्या सांडपाणी प्रक्रियेतून निघणारं द्यावं. काळ्या मातीत पाणी तुंबतं आणि उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात, म्हणून वर वाळूचा जाड थर आणि खाली पाण्याचा निचरा, एवढा खर्च मात्र करावाच लागेल, तो टाळून नुसतं रोप लावलं तर दुसऱ्या वर्षी मैदान नाही, शेत होईल. हॉकीचं टर्फ तर पाण्याच्या बाबतीत आणखी वेगळंच, ते प्लास्टिक असूनही मॅचआधी हजारो लिटर पाण्यानं भिजवावं लागतं, नाहीतर बॉल नीट पळत नाही. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकला हॉकी पहिल्यांदा असल्या टर्फवर गेली आणि मातीवर-गवतावर वाढलेली आपली टीम सातवी आली, १९२८ पासून पहिल्यांदाच बिनमेडलची परतली. हॉकी खेळायची तर आज ते टर्फ लागणारच, तिथं इलाज नाही. पण गावच्या फुटबॉलला, क्रिकेटच्या आउटफिल्डला, शाळेच्या पटांगणाला ते लागतं असं कुणीही सांगितलेलं नाही.

तुमच्या गावात मोठ्या मैदानाची चर्चा चालू असेल तर छप्पर पाहिजे का हा प्रश्न शेवटी विचारा, आधी विचारा की सावली पोरांना पाहिजे का मैदानाला. पोरांना बसायला, बदलायला, प्रेक्षकांना सावली लागते, ती कडेला पत्रा टाकून होते, अख्खं मैदान झाकावं लागत नाही. आणि टर्फ आधीच झालं असेल, भाड्यानं चालू असेल, तर चालवणाऱ्याला एवढं तरी करायला लावा: मार्च ते जून सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा लहान पोरांचं बुकिंग बंद, वरून बॉलची जाळी असतेच तिथं हिरव्या शेडनेटचा एक पदर, अनवाणी कुणी नाही, आणि पाणी मारून थंड केलंय म्हणाले तर हात लावून बघूनच पोरं आत सोडा, कारण ते पाणी थोड्याच वेळात उडून जातं आणि टर्फ परत होतं तसं तापतं.